गाण्याची चित्रे

गाणे ही ऐकावयाची वस्तू आहे, पाहावयाची नव्हे, असे माझे फार जुने मत होते. गवई गाताना हातवारे करू लागला की मी डोळे मिटून घेत असे. आणि दूरचित्रवाणीवर रागदारी चालू असता मध्येच पडद्यावर सूर्यास्त, बगळे नि धबधबे दिसू लागले म्हणजे घरातील मंडळींच्या नाराजीची पर्वा न करिता मी पडद्यावर उपरणे टाकून नुसता आवाज ऐकत असे. अशा गृहस्थाच्या घरात त्याच्याच थोरल्या भावाच्या नातीने गाण्याची चित्रे काढण्याचा उद्योग आरंभावा, आणि त्या कामी साहाय्यही त्याच्याकडेच मागावे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा!

गेले आठ महिने हा उद्योग आमच्या मिरजेच्या वाड्यात चालला आहे. तो अजून पुरा झालेला नाही. तथापि येथवर तो कसा आला, आणि ज्याला मी पाहण्याचा विषय समजत होतो त्याने मला काय काय ऐकावयास लाविले, ते सांगितल्यावाचून आता मला राहवत नाही.

आमच्या ह्या नातीला घरात सारे 'चिऊ' म्हणतात. बारावीला उत्तम गुण मिळवून ती अभियांत्रिकीकडे जाईल, अशी घरातील सर्वांची खात्री होती. पण तिने वाट धरली ती एका कलाशाळेची, आणि तेथेही विषय घेतला तो अ‍ॅनिमेशनचा, म्हणजे निर्जीव चित्रांत चलनवलन उत्पन्न करण्याच्या विद्येचा. 'कार्टून काढून का कोणाचे पोट भरते?' हा प्रश्न आमच्या पंगतीला वर्षभर वाढला जात होता. शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा एक लहानसा चित्रपट करावयाचा असतो. चिऊने ठरविले की, आपल्या चित्रपटात कथा नको, संवाद नको. एक गाणे असावे आणि त्या गाण्याबरोबर चालणारी चित्रे असावीत. आणि गाणे कोणाचे? थोरामोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हाताशी असता तिने मागितले ते तिच्या आजीचे, म्हणजे माझ्या वहिनींचे गाणे.

वहिनींचे गाणे! त्याची एकच फीत घरात आहे. माझ्या दादाने 1979 साली हौसेने एक टेपरेकॉर्डर विकत आणला, आणि एका दुपारी तो माडीवरच्या फडताळात गुपचूप ठेवून दिला. फितीच्या डबीवर दादाच्या किरट्या अक्षरात 'हिचे गाणे' एवढेच लिहिलेले आहे.

वहिनी माहेरी चार-पाच वर्षे रीतसर शिकल्या होत्या. लग्नात रुखवताबरोबर त्यांचा तंबोराही आला. मिरज हे तंबोऱ्यांचेच गाव. येथल्या सतारमेकरांच्या गल्लीत भोपळे वाळत पडलेले पाहत आम्ही लहानाचे मोठे झालो. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ह्याच गावी बिऱ्हाड केले, आणि त्यांच्या पुण्यतिथीला दर्ग्यात भरणाऱ्या मैफलींना वडील आम्हाला बोटाशी धरून नेत. अशा गावात वहिनींच्या गाण्याचे कौतुक व्हावयास हवे होते. पण त्यांचे गाणे बसे ते दुपारची जेवणे आटोपून, उष्टी-खरकटी काढून, सारे घर कलंडल्यावर; माडीवर, दार लोटून, आणि कोणाची झोप मोडू नये एवढ्या हलक्या आवाजात. त्या वेळेचा राग म्हणून बहुधा भीमपलास. आम्ही खाली पडल्या पडल्या तो ऐकत असू, आणि त्याच्या आधाराने झोपी जात असू. ह्यापलीकडे त्या गाण्याचा आम्ही कधी विचार केला नाही.

नाही म्हणावयास एकदा तो प्रसंग आला होता. घरातल्या मुलींना पेटी शिकवावयास येणाऱ्या वृद्ध मास्तरांच्या कानी वहिनींचा आवाज पडला, आणि त्यांनी दादाला सांगितले, 'ह्यांना आकाशवाणीची स्वरपरीक्षा देऊ द्या. असा गळा माजघरात ठेवू नये.' रात्री ती गोष्ट घरात निघाली. दादा भिडस्त, त्याने माझ्याकडे पाहिले. मी तेव्हा नुकताच महाविद्यालयात शिकवू लागलो होतो, आणि घरातील सुधारकाचे पद माझ्याकडे आपोआप आले होते. मी विरोध केला नाही. तेवढा मागासलेला मी खास नव्हतो. मी म्हणालो, 'मुलांच्या परीक्षा आटोपू द्या, मग पाहू.' परीक्षा आटोपल्या. पुढे दुसऱ्या परीक्षा आल्या. ती गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही, आणि वहिनींनी तर नाहीच नाही. 2009 साली त्या गेल्या. असो.

चिऊने ती फीत पुण्याहून संगणकासाठी उतरवून आणली, आणि गणेशोत्सव संपताच माडीवर आपला संसार थाटला. एक संगणक, आणि पाटीसारखी एक काळी फळी. तिच्यावर शाईवाचून चालणारी लेखणी. पूर्वी हेच काम खालून दिवा लावलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवून करीत, असे तिने मला सांगितले. साधन बदलले, पण मेहनत फारशी बदललेली नाही. तिचा हिशेब ऐकून मी थक्कच झालो. चित्रपटात एका सेकंदाला 24 चौकटी डोळ्यांपुढून सरकतात. प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकविले, तरी सेकंदाला 12 चित्रे हवीत. तिने गाण्याचा निवडलेला तुकडा 4 मिनिटांचा. म्हणजे चौकटी 5760, आणि चित्रे 2880! आधी मुख्य मुख्य चित्रे काढावयाची, मग एका मुख्य चित्रातून दुसऱ्यात जाताना लागणारी मधली चित्रे भरावयाची. 'चार मिनिटांच्या गाण्यासाठी वर्षभराचा खटाटोप!' मी उद्गारलो. ती म्हणाली, 'आणि आजीला ती चार मिनिटे गाता यावीत म्हणून किती वर्षे लागली असतील, आजोबा?' ह्यावर मजपाशी उत्तर नव्हते.

ही पाश्चात्त्यांची खेळणी आपल्या रागदारीला कशाला, असाही वाद मी घालून पाहिला. तेव्हा तिने मला दादासाहेब फाळके ऐकविले. 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली पडद्यावर येण्याआधी फाळक्यांनी वाटाण्याचा वेल रुजून वाढतानाची एकेक चौकट दिवसांमागून दिवस टिपली, आणि सारी वाढ काही क्षणांत डोळ्यांपुढे उभी केली. पुढे 1915 साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपट केला. त्यात आगकाड्याच हालतात-चालतात. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. पण त्र्यंबकेश्वराच्या ह्या ब्राह्मणाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे केले होते, एवढ्याने माझे तोंड बंद झाले.

मग तिने मला संगीतावर काढलेले जुने चित्रपट दाखविले. जर्मनीतील ऑस्कर फिशिंगर ह्याने 1930 च्या आसपास कोळशाने काढलेल्या रेषा ब्राह्म्सच्या नृत्यसंगीतावर नाचविल्या. कॅनडात नॉर्मन मॅक्लेरन आणि एव्हलिन लॅम्बार्ट ह्यांनी 1949 साली कॅमेऱ्यावाचून, प्रत्यक्ष फिल्मच्या पट्टीवरच रंग चढवून नि ओरखडे काढून, ऑस्कर पीटरसनच्या पियानोला डोळ्यांपुढे आणले. तेथेच आपल्या इशू पटेलांनी 1977 साली हजारो मणी कॅमेऱ्याखाली एकेक करून सरकवीत 'बीड गेम' केला. त्याला संगीत कलकत्त्याच्या ज्ञानप्रकाश घोषांचे. ते मणी तालावर फुटताना, जुळताना, एकमेकांस गिळताना पाहून मी उपरण्याची आठवण विसरलो, हे येथे प्रांजळपणे कबूल करितो. डिस्नेचा 1940 चा 'फँटेझिया' मात्र मला अर्धाच रुचला. बाखच्या संगीतावर नुसते आकार आणि रंग तरंगतात, तो भाग उत्तम. पण पुढे बेथोव्हेनच्या सुरांवर अर्धे घोडे नि अर्धी माणसे बागडू लागली तेव्हा मला ते दूरचित्रवाणीवरील बगळे आठवले.

दिवाळीत चिऊने आपले पहिले काम सर्वांना दाखविले. अर्ध्या मिनिटाचा तुकडा होता. आलापाबरोबर कमळ उमले, प्रत्येक स्वराला एक पाकळी. तान आली की पाखरांचा थवा भुर्रकन उडे, सूर खाली आला की पाखरे खाली. मुलांनी टाळ्या पिटल्या. सूनबाईंच्या डोळ्यांना पाणी आले. मी तेवढा गप्प राहिलो. रात्री ती माझ्या खोलीत आली नि म्हणाली, 'तुम्हाला आवडले नाही ना?'

मी म्हणालो, 'पोरी, गाणाऱ्याच्या मागोमाग तेच शब्द पुटपुटणारा श्रोता तुला आवडेल का? तुझी चित्रे तसे करीत आहेत. सूर वर गेला हे मला ऐकू आलेच आहे. पाखरू उडवून ते पुन्हा कशाला सांगतेस?'

ती हिरमुसली, पण मग हसून म्हणाली की, ह्या दोषाला त्यांच्या विद्येत नावच आहे. 1928 च्या 'स्टीमबोट विली' पासून मिकी उंदराची पावले आणि वाद्यांचे ठोके इतके नेमके जुळविले जाऊ लागले की, चित्राने संगीताची हुबेहूब नक्कल करण्याला पुढे त्या उंदराचेच नाव पडले. 'मग काय काढू?' तिने विचारले. मी कपाटातून रागमालेच्या चित्रांचे एक पुस्तक काढिले. त्यात तोडी रागिणी वीणा घेऊन उभी आहे आणि भोवती हरिणे तटस्थ झाली आहेत. 'ह्या चित्रकाराने तोडीचे सूर काढलेले नाहीत,' मी म्हणालो, 'ते ऐकणारी हरिणे काढली आहेत.'

त्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. मी तिला भीमपलास समजावून सांगू लागलो. वर जाताना ह्या रागात रिषभ आणि धैवत वगळावयाचे. खाली उतरताना मात्र सातही स्वर घ्यावयाचे. ती बराच वेळ तोंडातल्या तोंडात चढत-उतरत राहिली, आणि एकाएकी उठून म्हणाली, 'आजोबा, हा तर आपला जिना!' माझ्या ध्यानात येईना. मग तिने मला माडीच्या लाकडी जिन्यापाशी नेले. आजी वर जाताना मधल्या पायऱ्या गाळून झपझप चढत असे, कारण तिला गाण्याला मिळणारा वेळ थोडा. आणि उतरताना एकेका पायरीवर पाऊल ठेवीत, रेंगाळत उतरे, कारण खाली चहाचे आधण टाकावयाचे असे. सहा वर्षांच्या पोरीने हे पाहून ठेविले होते! मी त्या जिन्याने आयुष्यभर ये-जा केली, पण माझ्या मनात ते कधी आले नव्हते.

संक्रांतीपर्यंत चित्रांचे रूप पालटले. कमळ गेले, पाखरे गेली. आता पडद्यावर एकच रेषा, कधी जिन्याचा कठडा होणारी, कधी लुगड्याचा काठ, कधी तंबोऱ्याची तार. ती गाण्याच्या पुढे धावत नाही, मागेही फरफटत नाही. शेजारी बसल्यासारखी असते. मींड आली की रेषा तुटत नाही, एवढेच पथ्य तिने पाळले आहे.

पण येथे एक मोठी अडचण उभी राहिली. फितीवर तबला नाही. ताल कळतो तो वहिनींच्या बांगड्यांवरून. उजव्या हाताने त्या तंबोरा छेडीत, आणि डाव्या हाताने मांडीवर त्रिताल धरीत. पहिल्या, पाचव्या नि तेराव्या मात्रेला बांगड्या किणकिणतात, आणि नवव्या मात्रेला, म्हणजे खालीला, हात नुसता उलटतो नि बांगड्या मुक्या राहतात. त्यावरून चिऊने मोजले की, एक मात्रा म्हणजे 15 चौकटी, आणि सोळा मात्रांचे आवर्तन म्हणजे 240 चौकटी, बरोबर दहा सेकंद. ह्या हिशेबाने तिने पुढच्या सर्व चित्रांचे कोष्टक मांडले. आणि पाहावे तो तिसऱ्या मिनिटाला चित्रे मागे पडू लागली! गाणे रंगत जाते तशी लय किंचित चढते, हे आम्हा ऐकणारांना ठाऊक असते. पण किती चढते, हे कोणी सांगावे? चिऊने सांगितले. मात्रा 15 चौकटींवरून 14 वर आली होती. एका चौकटीचा, सेकंदाच्या चोविसाव्या भागाचा फरक! पण तेवढ्यानेच पाच आवर्तनांत 80 चौकटींचे अंतर पडते, म्हणजे तीन सेकंदांहून अधिक. झाले, कोष्टक फाडून टाकावे लागले, आणि आता प्रत्येक आवर्तन स्वतंत्रपणे, बांगडी-बांगडीने मोजणे आले.

ह्या मोजणीसाठी ती फीत शेकडो वेळा ऐकू लागली, आणि मलाही ऐकवू लागली. श्वास कोठे घेतला, तार कोठे किंचित उतरली, खाली चौकात बादली कधी वाजली, सारे आम्हाला पाठ झाले. आणि मग एका दुपारी आम्ही त्या जागी येऊन पोचलो.

गाणे तिसऱ्या मिनिटात आहे. आवर्तन अर्धे झाले आहे. इतक्यात खालून हाक येते, 'वहिनी, किल्ली!' गाणे तेथेच थांबते. तंबोरा भिंतीशी टेकल्याचा आवाज. जिन्यावर पावले. दूर कोठेतरी किल्ल्यांचा जुडगा वाजतो. मग काहीच नाही. एक पारवा घुमतो. पुन्हा पावले, आणि गाणे पुढे सुरू. मध्ये सुमारे 38 सेकंद.

पूर्वी दोनचार वेळा मी ही फीत ऐकली होती. पण खरखरीत ती हाक मला नीट कळली नव्हती. आता खरखर काढून टाकिल्यावर ती स्वच्छ ऐकू आली. चिऊने माझ्याकडे पाहिले नाही. तशी गरजही नव्हती. तो तीस वर्षांचा, ऐटदार, कोणाची वाट पाहण्याची सवय नसलेला आवाज माझा होता.

कपाटातून मला त्या वेळी काय हवे होते, ते आज कितीही आठवले तरी आठवत नाही.

मी म्हणालो, 'एवढा भाग काढून टाक. गाण्याचे दोन तुकडे जोडता येतील.' ती म्हणाली, तिच्या शिक्षकांचेही तेच मत पडले आहे. संगीताच्या चित्रपटात 38 सेकंद संगीतच नाही, हे कोण सहन करील? शिक्षकांचे कारण कलेचे होते. माझे काय होते, ते वाचकांस वेगळे सांगावयास नको. रात्री पंगतीला हा विषय निघाला तेव्हा सूनबाई म्हणाल्या, 'जोडून टाका. नाहीतरी परीक्षकांना काय कळणार?' आमच्या सौ. कढी वाढीत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, 'हाक कापाल. पण त्या उठून गेल्या ते कसे कापाल?'

दुसऱ्या दिवशी चिऊने जोड देऊन पाहिला. त्यासाठी आधीची सम आणि नंतरची सम ह्यांमधील नेमके अंतर काढणे तिला भाग होते. ते काढताना ती एकाएकी थबकली. तिने पुन्हा मोजले. मग मला हाक मारली. 'आजोबा, आजी उठण्यापूर्वीची शेवटची सम, आणि परत आल्यावरची पहिली सम. मध्ये 1123 चौकटी आहेत. आता त्या वेळच्या लयीने पाच आवर्तने मोजा.' मी कागदावर मांडले. चौदा सोळे दोनशे चोवीस. दोनशे चोवीस पंचे अकराशे वीस.

फरक तीन चौकटींचा. सेकंदाचा आठवा भाग.

क्षणभर मला अर्थच लागेना. मग लागला तेव्हा मी खाली बसलो. वहिनी उठल्या, जिना उतरल्या, कमरेच्या किल्ल्या काढून माझ्या हाती दिल्या, जिना चढल्या, आणि बसता बसताच, तंबोरा हाती येण्याच्याही आधी, त्यांनी मुखडा उचलला. तो पाचव्या समेवर येऊन पडला. म्हणजे सारा वेळ त्रिताल त्यांच्या मनात चालूच होता. मी किल्ली घेतली तेव्हा त्या माझ्यासमोर उभ्या असताना, एक, दोन, तीन, चार, आत कोठेतरी मात्रा पडत होत्या. आणि मला वाटत होते की, त्या माझे बोलणे ऐकत आहेत!

चिऊ मोठी चिकित्सक मुलगी आहे. ती म्हणाली, 'आजोबा, एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही. टेपचा वेगही थोडा मागेपुढे होतो. योगायोगही असेल.' ते खरे आहे. मी विज्ञानाचा शिक्षक होतो. एका नोंदीवर नियम बांधू नये हे मीच शेकडो मुलांना शिकविले आहे. तरीही त्या दिवशी प्रथमच मी तिला वहिनींच्या स्वरपरीक्षेची हकीकत सांगितली. दादाने माझ्याकडे पाहिल्याची, आणि मी काय म्हणालो त्याची. तिने ती शांतपणे ऐकून घेतली. मला वाटले होते की, नव्या पिढीची मुलगी, ती मला दोन शब्द सुनावील. तिने विचारले ते एवढेच, 'मग आजी काय म्हणाली?' आणि माझ्या ध्यानात आले की, त्या रात्री त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

ते 38 सेकंद आता चित्रपटात राहणार आहेत. शिक्षकांना तिने 1123 चा हिशेब लिहून पाठविला, तेव्हा त्यांनीही संमती दिली. त्या जागी पडद्यावर काय दाखवावे, ह्यावर आमचा पंधरा दिवस खल चालला होता. मी आपला मात्रांचे सोळा ठिपके सुचवून पाहिले. तिने मान हलविली, 'ते पुन्हा पाखरूच झाले की!' शेवटी तिने जे योजिले आहे ते असे: रेषा दाराबाहेर निघून जाते. रिकामी माडी. भिंतीशी तंबोरा. झरोक्यातून जमिनीवर पडलेला उन्हाचा एक कवडसा. तो कवडसा पहिल्या, पाचव्या नि तेराव्या मात्रेला अगदी किंचित उजळतो. नवव्या मात्रेला उजळत नाही. बस्स. शंभरांतल्या नव्वदांना ते कळणारही नाही. 'न कळू दे,' ती म्हणते, 'आजीचेही कोणाला कळले नव्हते.'

सुमारे 912 चौकटींची ही शांतता. चिऊ ती चित्रा-चित्राने भरीत आहे. एवढ्यासाठी 456 चित्रे काढावी लागतील. काल रात्रीपर्यंत 170 झाली होती. साऱ्या चित्रपटाचे म्हणाल, तर निम्म्याहून थोडे अधिक काम हातावेगळे झाले आहे, आणि मुदत उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतची आहे. दुपारी जेवणे झाली की मी माडीवर जाऊन बसतो. ती चित्रे काढते, आणि मी मांडीवर ताल धरितो. कवडसा कोठे उजळावयाचा हे तपासण्यास तिला तेवढेच साहाय्य. डोळे मिटून घ्यावयाची माझी सवय मात्र गेली आहे. मिटले तर चित्र कसे पाहावे?

चित्रपटाच्या शेवटी नामावळी लागते. परवा ती तयार करिताना चिऊने विचारले, आजीचे नाव कसे लिहावे? वहिनींचे नाव छापील अक्षरांत ह्यापूर्वी दोनदाच आले होते: एकदा लग्नपत्रिकेत, एकदा मृत्यूच्या बातमीत. आता ते तिसऱ्यांदा येईल, आणि त्याच्यामागे प्रथमच 'गायन' हा शब्द असेल. खाली 'ध्वनिमुद्रण' म्हणून दादाचे नाव तिने घातले आहे. चित्रे अर्थातच तिची. त्याखाली आणखी एक ओळ होती. मला वाटले, रागाची माहिती दिली म्हणून 'मार्गदर्शन' किंवा 'साहाय्य' असे काही तिने माझ्या नावापुढे लिहिले असेल. चष्मा लावून पाहिले.

तेथे लिहिले होते, 'हाक', आणि पुढे माझे नाव.

'चालेल ना, आजोबा?' तिने जरा भीतभीतच विचारले. मी हरकत घेतली नाही.